गिदोन आणि अफ्रा येथील खडक

शास्त्यांच्या पुस्तकातील वीरांपैकी गिदोनाची कथा शाळेतील लहानात लहान विद्यार्थ्यासही ठाऊक असते. तीनशे माणसे, रिकामी मडकी, त्यांत लपविलेल्या मशाली आणि मध्यरात्री एकदम वाजलेली रणशिंगे, हा प्रसंगच असा आहे की एकदा ऐकला म्हणजे मुलांच्या मनातून जात नाही. बहुधा त्यामुळेच या पुरुषाच्या चरित्राच्या आरंभाकडे आणि शेवटाकडे आपले लक्ष कमी जाते. त्याची आपणांस प्रथम ओळख होते ती एका उघड्या खडकापाशी. आणि त्याच्या घराण्याचा नाश झाला तो त्याच गावी, एका धोंड्यावर. या दोहोंच्या मध्ये लढाई आहे, तसे पुष्कळसे सोनेही आहे. प्रस्तुत लेखात खडकाविषयी व सोन्याविषयी अधिक लिहावयाचे आहे. लढाई वाचकांनी मूळ ग्रंथात वाचावी; ती तेथेच उत्तम आहे.

गिदोन हा मनश्शे वंशातील अबियेजेर कुळाचा. त्याच्या बापाचे नाव योवाश व गावाचे नाव अफ्रा. काळ म्हणावा तर इसवी सनापूर्वी सुमारे अकराशे ते बाराशे वर्षांचा. इस्राएल लोकांस तेव्हा राजा नव्हता. पूर्वेकडील वाळवंटातून मिद्यानी, अमालेकी व इतर टोळ्या उंटांवर बसून ऐन सुगीत येत, उभी पिके खाऊन टाकीत आणि मेंढरू, बैल, गाढव काही मागे ठेवीत नसत. असे एक नव्हे, दोन नव्हे, सात वर्षे चालले होते. लोकांनी डोंगरांतील गुहा व विवरे यांचा आश्रय केला होता.

गव्हाची मळणी कोठे होते हे आपल्याकडील शेतकऱ्यांच्या मुलांस सांगावयास नको. खळे उंचावर, वाऱ्याच्या तोंडी असते. बैलांची पात धरितात, आणि उफणणी सुरू झाली म्हणजे भुसा दूरवरून दिसतो. नेमके हेच गिदोनास नको होते. म्हणून तो द्राक्षारसाच्या कुंडात उतरून हातातील काठीने गहू झोडपीत होता. अशी कुंडे त्या देशी खडकातच कोरलेली असत. वारा नाही, बैल नाही, आवाज होईल तेवढा कमी. पुढे ज्यास लोक राजा व्हावयास बोलावणार होते त्याचे पहिले दर्शन हे असे आहे.

एके दिवशी योवाशाच्या एला झाडाखाली एक अनोळखी पुरुष येऊन बसला. तो परमेश्वराचा दूत होता. परंतु गिदोनास ते प्रथम कळले नाही. त्याने गिदोनास पराक्रमी वीर असे संबोधिले. खड्ड्यात लपून गहू झोडपणाऱ्या मनुष्यास हे संबोधन कसे वाटले असेल याची वाचकांनीच कल्पना करावी. गिदोनाचे उत्तर मात्र सरळ होते. परमेश्वर आमच्याबरोबर आहे तर ही दशा आम्हांवर का आली, मिसर देशातून सोडवून आणल्याच्या ज्या गोष्टी वडिलांनी सांगितल्या तसे काही आता का घडत नाही, असे त्याने विचारिले. इस्राएलास तूच सोडीव अशी आज्ञा झाली, तेव्हा आपले कुळ मनश्शेत सर्वांहून दुबळे आणि बापाच्या घरी आपण सर्वांत धाकटे, ही अडचण त्याने पुढे केली. शेवटी त्याने खूण मागितली, आणि आपण परत येईपर्यंत येथून जाऊ नये अशी विनंती करून तो घरात गेला.

त्याने एक करडू शिजविले व एफाभर पिठाच्या बेखमीर भाकरी केल्या. एफा म्हणजे सुमारे २२ लिटरांचे माप. ज्या घरी गहू लपवून झोडपावा लागत होता त्या घरातून एका पाहुण्यासाठी एवढे पीठ निघाले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मांस टोपलीत, रस्सा पातेल्यात, असे घेऊन तो झाडाखाली आला. तेव्हा दूताने ते मांस व भाकरी जवळच्या खडकावर ठेवून रस्सा वरून ओतावयास सांगितले. गिदोनाने तसे केले. दूताने हातातील काठीचे टोक त्या अन्नास लाविले. खडकातून अग्नी निघाला, सर्व काही भस्म झाले, आणि पाहुणा दिसेनासा झाला.

येथे क्षणभर थांबावयास हवे. हा खडक कोणी निवडला नव्हता. त्याला छिन्नी लागली नव्हती, चुना लागला नव्हता, त्याच्याभोवती भिंत नव्हती. तो शिवारात होता तसा होता. गिदोनाने अन्न आणिले तेव्हा पाहुण्यापुढे ताट मांडावे एवढाच त्याचा हेतू असावा. ताटाच्या जागी खडक आला, आणि त्या खडकाची वेदी झाली. बैल झाकून ठेवावे लागत होते अशा दिवसांत, मूर्ती नाही, याजक नाही, देऊळ नाही, अशा स्थितीत एका भ्यालेल्या शेतकऱ्याची उपासना पूर्ण झाली.

इस्राएल लोकांच्या धर्मशास्त्रात हे विसंगत नव्हते. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात दहा आज्ञांच्या पाठोपाठ वेदीविषयी जे नियम आहेत, ते आपण सहसा वाचून पुढे जातो. वेदी मातीची असावी. दगडांची केली तर घडलेल्या चिऱ्यांची करू नये, कारण हत्यार लागले की ती भ्रष्ट होते. तिला पायऱ्याही असू नयेत. या नियमाच्या अगदी वरचे वाक्य सोन्यारुप्याच्या देवांना मनाई करणारे आहे. सोने नको आणि घडलेला दगड नको, हे दोन्ही विधी असे शेजारी शेजारी ठेविले आहेत. माझ्या मते हे शेजारपण योगायोगाचे नाही. ज्या दगडाला मनुष्य आकार देऊ लागतो त्याला तो हळूहळू रूप देतो, आणि ज्याला रूप दिले त्याच्यापुढे वाकतो. यहुदी आचार्यांनी पुढे मिश्नात आणखी एक कारण सांगितले. लोखंड मनुष्याचे आयुष्य तोडण्यासाठी आहे आणि वेदी ते वाढविण्यासाठी; तेव्हा एकाने दुसऱ्यास स्पर्श करणे योग्य नव्हे, असा त्यांचा अभिप्राय आहे.

अशा नैसर्गिक दगडांची उदाहरणे शास्त्रात पुष्कळ आहेत. शमशोनाचा बाप मानोहा यानेही करडू व अन्नार्पण एका खडकावरच वाहिले. पलिष्ट्यांनी पवित्र कोश गाडीत घालून परत पाठविला तेव्हा गाई बेथ-शेमेश येथे एका शेतात, मोठ्या धोंड्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. लोकांनी गाडीचीच लाकडे फोडून त्या गाईंचा तेथे होम केला. शौल राजाच्या गोष्टीवरून तर या दगडाचा उपयोगही समजतो. दिवसभर उपाशी राहून लढलेले त्याचे शिपाई लुटीतील गुरे जमिनीवरच कापून रक्तासकट मांस खाऊ लागले. रक्त खाणे हे मोठे पाप. तेव्हा शौलाने एक मोठा धोंडा लोटून आणविला आणि प्रत्येकाने आपले जनावर त्यावर आणून कापावे असा हुकूम केला, म्हणजे रक्त निथळून मातीस मिळेल. लगेच पुढे सांगितले आहे की शौलाने परमेश्वरासाठी वेदी बांधली व ती त्याची पहिली वेदी होती.

ही रीत पुढे राजांच्या काळी सर्वत्र टिकली असे मात्र नाही. यहूदाच्या दक्षिणेस आराद येथे १९६२ सालापासून जे उत्खनन झाले त्यात किल्ल्यातील देवळाच्या अंगणात माती व न घडलेल्या दगडांची, सुमारे अडीच मीटर चौरस अशी वेदी सापडली. ती नियमाबरहुकूम आहे. उलट बैर-शेबा येथे १९७३ साली एका कोठाराच्या भिंतीत जे चिरे मिळाले ते शिंगे असलेल्या वेदीचे, आणि छानपैकी घडलेले. म्हणजे एकाच राज्यात नियम पाळणारेही होते व न पाळणारेही. इसवी सनापूर्वी १६४ साली यहूदा मक्काबी याने यरुशलेमेचे विटाळलेले मंदिर शुद्ध केले तेव्हा मात्र नवी वेदी अखंड, न घडलेल्या दगडांचीच रचली. जुन्या वेदीचे दगड फेकून देण्याचा त्याच्या लोकांना धीर झाला नाही. त्यांचे काय करावे हे सांगणारा संदेष्टा येईपर्यंत ते मंदिराच्या टेकडीवर ठेवून देण्यात आले. खडकाविषयीचा हा आदर आपल्या कोकणातील मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल लोकांतही एका निराळ्या रूपाने आढळतो. अलिबागजवळ खंडाळे येथे एका खडकावर एलियाहू संदेष्ट्याच्या रथाची खूण आहे असे ते मानतात व नवस फेडण्यासाठी तेथे जातात. तेथे वेदी नाही व होमही नाही. परंतु तो खडक कोणी घडलेला नाही एवढे साम्य आहेच.

आता गिदोनाकडे वळू. खडकातून अग्नी निघाला तेव्हा आपण परमेश्वराचा दूत पाहिला, आता मरणार, अशा भयाने तो गांगरला. भिऊ नकोस, तू मरणार नाहीस, असे आश्वासन त्यास मिळाले. त्याने त्या जागी वेदी बांधली व तिला परमेश्वर शांती आहे अशा अर्थाचे नाव दिले. शास्ते हे पुस्तक लिहिले गेले तेव्हाही ती अफ्रात उभी होती.

त्याच रात्री त्यास दुसरे काम सांगण्यात आले, आणि ते मिद्यान्यांशी लढण्याहून कठीण होते, कारण ते घरातले होते. अफ्रात बआल देवाची वेदी होती, तिच्याजवळ अशेरा देवतेचा लाकडी स्तंभ होता, आणि ही सर्व मालमत्ता त्याच्या बापाची होती. ती वेदी मोडावी, स्तंभ तोडावा, गढीच्या माथ्यावर परमेश्वराची वेदी रचावी आणि त्या स्तंभाच्याच लाकडांवर बापाच्या सात वर्षांच्या बैलाचा होम करावा, अशी आज्ञा झाली. तो बैल सात वर्षांचा होता. म्हणजे मिद्यान्यांची पहिली धाड आली त्या सुमारासच तो जन्मला असला पाहिजे, आणि इतकी वर्षे घरच्यांनी त्यास लपवून वाचविले असले पाहिजे. गिदोनाने दहा चाकर बरोबर घेतले आणि घरच्यांच्या व गावकऱ्यांच्या भीतीने हे काम दिवसा न करिता रात्री उरकले. ही भीती शास्त्राने झाकून ठेविलेली नाही.

सकाळी गाव गोळा झाला. चौकशीत गिदोनाचे नाव निघाले आणि लोक त्याचा जीव मागू लागले. त्या वेळी योवाशाने जे केले त्यामुळे या बापाविषयी आदर वाटतो. वेदी त्याची, बैल त्याचा, मान गेला तोही त्याचा. तथापि तो मुलाच्या बाजूने उभा राहिला. बआल जर देव असेल तर त्याची वेदी मोडली गेली आहे, त्याने स्वतःच भांडावे, त्याची वकिली तुम्ही कशास करिता, असे त्याने गावकऱ्यांस बजाविले. तेव्हापासून गिदोनास यरुब्बाल हे दुसरे नाव पडले. बआलाने त्याच्याशी भांडावे, असा त्याचा अर्थ शास्त्रात दिला आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार दक्षिणेकडील खिरबेत अल-राई येथे सुमारे ३१०० वर्षांपूर्वीच्या एका मडक्याच्या खापरांवर शाईने लिहिलेले हेच नाव वाचण्यात आले. ते मडके याच यरुब्बालाचे होते असे म्हणता येत नाही, कारण स्थळ त्याच्या मुलुखापासून दूर आहे. पण शास्त्यांच्या काळी हे नाव लोकांत होते याला त्यामुळे बळकटी आली.

पुढील भाग सर्वपरिचित आहे. लोकरीची परीक्षा झाली, एकदा लोकर ओली व जमीन कोरडी, दुसऱ्या रात्री जमीन ओली व लोकर कोरडी. हरोद झऱ्यापाशी ३२,००० लोक जमले; भित्र्यांनी परत जावे असे पुकारल्यावर २२,००० निघून गेले; उरलेल्या दहा हजारांतून पाणी चाटून पिणारे ३०० निवडले गेले. रात्री पुरा नावाच्या चाकरास घेऊन गिदोन शत्रूच्या छावणीजवळ गेला, तेव्हा एक मिद्यानी शिपाई आपले स्वप्न सोबत्यास सांगत होता. जवाची एक भाकर गडगडत आली आणि तिने तंबू पाडला, असे ते स्वप्न होते. गव्हासाठी लपणाऱ्या मनुष्यास जवाच्या भाकरीने धीर दिला! मग तीन टोळ्या, रणशिंगे, फुटणारी मडकी, मशाली. काळोखात शत्रू एकमेकांवरच तलवार चालवून पळत सुटला.

पाठलागातील गिदोन पूर्वीचा राहिला नाही. एफ्राईमी लोक आम्हांस आधी का बोलाविले नाही म्हणून रागावून आले, तेव्हा त्याने गोड शब्दांनी त्यांचा राग शांत केला. परंतु यार्देन उतरल्यावर सुक्कोथ व पनुएल येथील लोकांनी त्याच्या दमलेल्या तीनशे माणसांस भाकर नाकारिली, हे तो विसरला नाही. जेबह व सलमुन्ना या मिद्यानी राजांस धरून परतताना त्याने एका तरुणाकडून सुक्कोथच्या ७७ वडील मंडळींची नावे लिहून घेतली आणि त्यांस रानातील काट्यांनी शिक्षा केली. पनुएलचा बुरूज पाडून तेथील पुरुष मारिले. हे त्याचेच देशबांधव होते. ताबोर येथे ज्यांस त्या दोन राजांनी मारिले होते ते गिदोनाचे सख्खे भाऊ होते, हेही येथे सांगितले पाहिजे. राजांस मारावयास त्याने आपला थोरला मुलगा येथेर यास पुढे केले. पोर लहान, त्याने तलवार उपसली नाही. मग बापाने स्वतः ते काम केले.

विजयानंतर लोकांनी त्यास राज्य देऊ केले, त्याला, त्याच्या मुलाला व नातवालाही. त्याने नाकारिले. मी नव्हे व माझा मुलगाही नव्हे, तुमच्यावर परमेश्वर राज्य करील, असे त्याने कळविले. येथेच कथा संपती तर तिच्यात न्यून काढावयास जागा उरती ना. परंतु त्याच दमात त्याने एक मागणे केले. लुटीतील प्रत्येकी एक कुंडल आपणांस द्यावे. लोकांनी वस्त्र पसरले व त्यावर कुंडले टाकिली. त्यांचे वजन १,७०० शेकेल भरले. शेकेल हे आपल्या तोळ्याहून किंचित कमी. म्हणजे जवळजवळ तितकेच तोळे, सुमारे १९ किलो सोने. चंद्रकोरी, लोलक, राजांची जांभळी वस्त्रे व उंटांच्या गळ्यांतील साखळ्या त्यावेगळ्याच. या सोन्याचे त्याने एक एफोद करून अफ्रात ठेविले. एफोद म्हणजे मुळात याजकाचे वस्त्र. गिदोनाचे एफोद वस्त्रच होते की मूर्तीसारखे काही होते याविषयी पंडितांत मतभेद आहे. परिणामाविषयी शास्त्र स्पष्ट आहे. सर्व इस्राएल तेथे जाऊन त्याच्या नादी लागला, आणि ते गिदोनास व त्याच्या घराण्यास पाश झाले.

त्याची बुद्धी वाईट होती असे मला वाटत नाही. बापाची वेदी मोडणारा मनुष्य जाणूनबुजून मूर्ती उभारील हे संभवत नाही. परमेश्वराचा कौल घेण्यासाठी काही योग्य साधन असावे, विजयाचे स्मारकही व्हावे, असा त्याचा विचार असावा. पण त्याच गावात परमेश्वर शांती या नावाची वेदी उभी होती. ज्या खडकातून अग्नी निघाला तो खडकही कोठे गेला नव्हता. मग लोक सोन्याकडे का गेले? खडकात पाहावयासारखे काही नव्हते, हेच त्याचे उत्तर असावे. सोन्यात होते. आणि ते सोने देणारा प्रत्येकजण स्वतःचे कुंडल त्यात आहे हे जाणून होता. अहरोनाने वासरू केले तेही कुंडलांचेच होते, ही गोष्ट गिदोनास कोणी आठवून दिली नाही.

देशास ४० वर्षे स्वस्थता लाभली. गिदोनाने पुष्कळ बायका केल्या. त्यास सत्तर मुलगे झाले. शखेमात एक उपपत्नी होती, तिच्या मुलाचे नाव त्याने अबीमलेख ठेविले. या नावाचा अर्थ माझा बाप राजा आहे असा होतो. राज्य नाकारणाऱ्याने हे नाव कोणत्या मनाने ठेविले हे सांगणे कठीण आहे. चांगला म्हातारा होऊन तो वारला व अफ्रात बापाच्या कबरेत त्यास पुरिले. त्याच्यामागे लोक पुन्हा बआलाकडे वळले.

अबीमलेखाने शखेमातील मामांस हाताशी धरिले. त्यांनी बआल-बरीथाच्या देवळातून त्यास सत्तर रुपये दिले, भावामागे एक रुपया. त्या पैशावर त्याने रिकामटेकडे गुंड ठेविले, अफ्रास बापाच्या घरी गेला, आणि आपल्या भावांस एका धोंड्यावर ठार केले. एका धोंड्यावर, हे शब्द शास्त्रात मुद्दाम घातले आहेत. हा धोंडा म्हणजे पूर्वीचाच खडक असे तेथे म्हटलेले नाही, तेव्हा आपणही म्हणू नये. परंतु शौलाने गुरांसाठी धोंडा लोटून आणविला होता हे ज्यास आठवते, त्यास येथे पशूंच्या जागी भाऊ दिसल्यावाचून राहत नाही.

धाकटा योथाम तेवढा लपून वाचला. इकडे शखेमात स्तंभाजवळच्या एला झाडापाशी अबीमलेखास राज्याभिषेक झाला. याच शखेमात पूर्वी यहोशवाने लोकांच्या शपथेस साक्षी म्हणून एक मोठा धोंडा झाडाखाली उभा केला होता. योथाम गरिज्जीम डोंगराच्या माथ्यावर चढला; समोरचा डोंगर एबाल, जेथे यहोशवाने मोशेच्या नियमाप्रमाणे लोखंड न लागलेल्या दगडांची वेदी बांधली होती. तेथून त्याने शखेमकरांस झाडांनी काटेरी झुडपास राजा केल्याची गोष्ट ओरडून सांगितली व तो पळून गेला.

अबीमलेखाचे राज्य तीन वर्षे चालले. शखेमकरांशी त्याचे बिनसले. त्याने त्यांचे नगर उद्ध्वस्त केले. मग तेबेस नगराच्या बुरुजास आग लावावयास तो दाराशी गेला असता वरून एका बाईने जात्याची वरची तळी त्याच्या डोक्यावर टाकिली. कवटी फुटली. बाईने मारिले असे लोकांनी म्हणू नये म्हणून त्याने आपल्या शस्त्रवाहकाकडून स्वतःस ठार करून घेतले. त्या बाईचे नाव शास्त्रात नाही. पुढे दावीद राजाच्या काळी सेनापती यवाब याने लढाईचे वर्तमान जासुदाबरोबर पाठविले, तेव्हा तटाजवळ जाणे किती धोक्याचे हे दाखविण्यास अबीमलेखास जात्याच्या तळीने एका बाईनेच मारिले, हाच दाखला दिला. त्या ठिकाणी गिदोनाच्या यरुब्बाल या नावातील बआलही गाळलेला आहे. त्याच्या जागी लज्जा या अर्थाचा शब्द घालून यरुब्बेशेथ असे लिहिले आहे.